तान्ह्या बाळाच्या जुन्या प्रथा: गुटी, न्हाणं, धुरी, टाळू, पाचवी. काय ठेवावं, कसं करावं, काय थांबवावं?

गोदातीर
घरात ऐन श्रावणात बाळंतपण आहे. बाळंतविड्याच्या यादीत सहाण, गुटीच्या काड्या, ओवा-वेखंड, शेगडी, राईची उशी, घरी पाडलेलं काजळ असं सगळं आलं आहे. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर यातल्या बहुतेक गोष्टींवर फुली आहे. दोन्हीकडे कारण विचारलं की उत्तर मिळत नाही. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते. "आमच्याकडे सगळ्यांना दिलं, काही झालं नाही" असे प्रतिसाद कृपया नकोत. प्रथा नेमकी कशी करतात, कशासाठी करतात, कुठे बिघडतं आणि ठेवायचीच असेल तर कशी ठेवायची, एवढं लिहा.

चाफेकळी
नवजात कक्षातलं काम हा माझा विषय, त्यामुळे तिथपासून सुरुवात करते. प्रत्येक प्रथेला एकच प्रश्न विचारा: यातलं काही बाळाच्या आत जातं का? तोंडातून, डोळ्यातून, नाका-कानातून, नाळेतून किंवा श्वासातून? जात असेल तर थांबवा. अंगावरच राहत असेल तर पद्धत सुधारून ठेवता येते. घरातल्यांच्या मनासाठी असेल तर खुशाल करा, बाळाला दगदग होऊ देऊ नका.

आत जाणाऱ्यांत पहिली गोष्ट म्हणजे जन्मल्याबरोबर चाटवलेला मध. जातकर्मात मध-तूप-सोनं आहे, म्हणून अजूनही मधाचं बोट लावतात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात. आधी शी बंद होते, मग चोखणं कमजोर पडतं, रडणं क्षीण होतं, पापण्या उतरतात, मान लुळी पडते, शेवटी श्वास थकतो. मध उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत आणि "शुद्ध, रानातला" असल्यानेही काही फरक पडत नाही. १२ महिने पूर्ण होईपर्यंत मध अजिबात नाही.

दुसरी, चीक पिळून टाकणं. पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट पिवळसर दूध "जड" किंवा "शिळं" समजून टाकतात आणि तोवर गूळपाणी किंवा गाईचं दूध बोंडल्याने पाजतात. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिलिलिटर मावतं, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा. चीक तेवढाच येतो, म्हणून तो "पुरत नाही" असं वाटण्याचं कारण नाही. त्यात संरक्षक प्रतिपिंडं भरपूर असतात, आणि तो सारक असल्याने पहिली काळी शी लवकर बाहेर पडते. ती आतच राहिली तर तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि कावीळ वाढते. पहिल्या तासात छातीला लावायचं ते यासाठी.

सहाणखोड
गुटीबद्दल मी लिहितो, आयुर्वेद हा अभ्यासाचा विषय आहे. गुटीची एकच ठरलेली यादी नाही. कोकण, देश, विदर्भ, प्रत्येक ठिकाणी काड्या बदलतात. साधारण सगळीकडे असतात त्या अशा: बाळहिरडा, बेहडा, वेखंड, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, कुडा, वावडिंग, डिकेमाली, पिंपळी, ज्येष्ठमध, आस्कंद, शतावरी, शिवाय खारीक आणि बदाम. मुरुडशेंग आणि वेखंड पोटातल्या वाऱ्यासाठी, हिरडा पोट साफ होण्यासाठी, मायफळ-कुडा पातळ शीसाठी, डिकेमाली-वावडिंग जंतांसाठी, जायफळ झोपेसाठी. खारीक, बदाम, आस्कंद बाळसं धरण्यासाठी.

पद्धत: सहाण उकळत्या पाण्याने धुवायची. उकळून गार केलेल्या पाण्याचे किंवा आईच्या दुधाचे चार थेंब तिच्यावर घ्यायचे. प्रत्येक काडीचा एक वळसा, म्हणजे एक गोल घासा. बाळाच्या वयाबरोबर महिन्याला एक वळसा वाढवतात, पण जायफळ, मायफळ आणि वेखंड यांचे वाढवत नाहीत. पातळ शी होत असेल त्या दिवशी हिरडा गाळायचा, शी घट्ट असेल तर मायफळ. लक्षात घ्या, गुटी म्हणजे रोज डोळे झाकून सगळ्या काड्या उगाळणं नव्हे. बाळ बघून त्या दिवशीच्या काड्या ठरवणारी जाणकार बाई घरात असायची, त्या निवडीवरच ही पद्धत उभी होती. आज बाजारातलं तयार पाकीट आणून सरसकट सगळं दिलं जातं.

बिघडण्याच्या जागा सांगतो. पावसाळ्यात काड्यांना बुरशी धरते, खारीक-बदामाला सगळ्यात आधी, आणि बुरशीचं विष उगाळताना थेट लेपात उतरतं. दुसरी जागा अतिविष. बिनविषारी अतिविष आणि जहाल बचनाग हे एकाच कुळातले कंद आहेत, वाळल्यावर फरक ओळखणं सामान्य माणसाचं काम नाही. मोकळ्या बाजारातून आणलेल्या काडीची खात्री कोण देणार? तिसरी जागा जायफळ. वळसे वाढले की बाळ गुंगून पडतं, आणि लोक म्हणतात "गुटी मानवली, कसं शांत झोपतं!" गुंगलेलं बाळ दूध पीत नाही, आणि पहिल्या महिन्यात तर दर दोन-तीन तासांनी पिणं हेच त्याचं काम.

एवढं सांगून माझं मत: सहा महिन्यांच्या आत घरच्या घरी गुटी देऊ नये. त्यानंतर द्यायची तर पदवीधर वैद्याने बाळ तपासून सांगितलेल्या मोजक्या काड्या.

चाफेकळी
सहाणखोड, वय आणि देखरेख या दोन्ही मुद्द्यांवर आपलं एकमत आहे, हे बरं झालं. वेखंडाबद्दल मात्र मी आणखी कडक आहे. त्यात बीटा-असारोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक आढळल्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्यात वापरायला बंदी आहे. पोटात नकोच.

आणि गुटी "लागू पडते" असं वाटण्यामागचं कारण सांगते, म्हणजे आजीबाईंशी बोलताना उपयोग होईल. बाळाचं संध्याकाळचं कळवळून रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. गुटी बारशानंतर किंवा महिन्याने सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "गुण" येतो. गुण काळाचा असतो.

तसंच शीचं. नुसत्या आईच्या दुधावरचं बाळ सहा आठवड्यांनंतर चार-पाच दिवस शी करत नाही आणि मग पिवळी मऊ शी करतं. हा बद्धकोष्ठ नाही. त्याला हिरडा, एरंडेल, साबणाची कांडी, विड्याच्या पानाचा देठ यातलं काहीही नको. पोट टणक फुगलं, हिरवी उलटी झाली किंवा शीत रक्त आलं तर मात्र लगेच दवाखाना. पहिली काळी शी जन्मानंतर २४ तासांत झाली नाही, तरीसुद्धा.

वरचं पाणीही नको, वैशाखातसुद्धा. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतंय.

मिरजेची_तार
गुटीवर इतकं नेमकं पहिल्यांदाच वाचलं. एक जोड देते. १९२०च्या दशकात मुंबईत गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका बाळाला अफूची "बाळगोळी" देऊन जात, त्या काळच्या अहवालांत याची नोंद आहे. बाळ सांभाळायला माणूस नाही आणि गिरणीतली कामाची पाळी चुकवता येत नाही, अशी ती परिस्थिती होती. झोपणारं बाळ म्हणजे निरोगी बाळ, ही समजूत जायफळापुरती नाही.

पाटावरवंटा
मालिश आणि न्हाणं. हा भाग ठेवण्यासारखा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

नाळ गळून बेंबी कोरडी होईपर्यंत पोटाला तेल लावू नका, अंघोळही स्पंजिंगपुरती ठेवा. जन्मल्यावर पहिले २४ तास तर अंघोळच नाही, अंगावरचा पांढरा लेप खरवडून काढायचा नाही. तो त्वचेचं रक्षण करतो. वजन २ किलोपेक्षा कमी असेल तर ते २ किलोवर जाईपर्यंत न्हाऊ घालू नये, बाळ गार पडतं.

तेल: खोबरेल किंवा तिळाचं. मोहरीचं तेल तान्ह्याच्या त्वचेला चुरचुरतं. ऑलिव्ह तेल महागडं म्हणून भेट येतं, पण त्यातल्या ओलेइक आम्लामुळे त्वचेचा वरचा थर सैल पडतो. तेल वाटीत घेऊन वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट विस्तवावर नको. दोन-तीन चमचे तेल पुष्कळ झालं. नखं कापलेली, बांगड्या-अंगठ्या काढलेल्या, पंखा बंद. दूध पिऊन पाऊण तास तरी झालेला असावा, नाहीतर सगळी गुळणी बाहेर येते.

पायांपासून सुरू करा, बाळ पायांना हात लावला की कमी बिचकतं. मांडीपासून घोट्याकडे, खांद्यापासून मनगटाकडे लांब सैल हात. छातीवर मधून बाहेर. पोटावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, कारण मोठं आतडं त्याच दिशेने फिरतं. पाठीवर मानेपासून खाली. एकूण १० ते १५ मिनिटं. दाब किती? स्वतःची पापणी मिटून तिच्यावरून बोट फिरवताना लागेल तेवढा.

न करण्याच्या गोष्टी: नाक चिमटीत धरून "सरळ" करणं, डोकं दाबून "गोल" करणं, हात-पाय ओढून सांधे वाजवणं, पाय धरून उलटं झुलवणं. नाकात आणि कानात तेलाचे थेंब तर मुळीच नाहीत. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं, आणि तेलाने होणारा न्यूमोनिया महिनोन्‌महिने रेंगाळतो.

आता न्हाणं. पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायचे आणि नडग्यांवर बाळ घ्यायचं, आधी उताणं, मग पालथं. ही बैठक चांगलीच आहे, बाळ दोन पायांच्या खोबणीत नीट बसतं. धोका दोनच जागी: तेलाने निसरडे झालेले हात आणि पालथं घेतल्यावर पाण्यात जाणारं नाक. म्हणून मालिश आणि न्हाण्याच्या मध्ये सुती फडक्याने जादा तेल टिपून घ्या. पालथं घेतल्यावर कपाळ आपल्या तळहातावर राहील असं धरा, तोंड बाजूला.

पाण्याचा क्रम महत्त्वाचा. आपल्याकडे बंबातलं कढत पाणी आधी काढतात आणि मग विसण घालतात. मधल्या त्या मिनिटात कुणी चुकून तांब्या बुडवला की बाळ भाजतं. बाळाच्या बादलीत आधी गार पाणी, मग कढत, मग हाताने तळापर्यंत ढवळायचं आणि कोपर बुडवून बघायचं. ३७-३८ अंश पुरे. "कडक पाण्याने हाडं मजबूत होतात" हे खरं नाही, तान्ह्याची कातडी पातळ असल्याने आपल्याला सोसणारं पाणी त्याला भाजतं. अंग पाच मिनिटांत उरका, डोकं सगळ्यात शेवटी धुवा आणि सगळ्यात आधी पुसा, कारण अंगाच्या मानाने डोकं मोठं आणि उष्णता तिथूनच जास्त जाते. काखा, मानेच्या वळ्या, जांघा टिपून कोरड्या करा. त्या वळ्यांत ओघळलेलं दूध आंबतं आणि कातडी सोलवटते.

गोदातीर
डाळीच्या पिठाची गोळी फिरवून लव काढतात, त्याचं काय? आणि बाळाच्या छातीत गाठ आली तर दाबून दूध काढायचं असतं, असं सांगितलंय.

पाटावरवंटा
लव काही आठवड्यांत आपोआप गळते. पिठाची गोळी घासली की कातडी सोलवटते आणि तिथून जंतू शिरतात. मसूर-हरभऱ्याचं पीठ, साय, हळद हे बाळंतिणीच्या अंगाला लावा हवं तर. बाळाला पहिला महिना नुसतं पाणी बहुतेक दिवस पुरतं, साबण लागलाच तर सौम्य आणि एक-दोनदा.

चाफेकळी
छातीचं उत्तर मी देते, कारण यातून होणारी गळवं फार वाईट असतात. आईची संप्रेरकं वारेतून बाळात गेलेली असतात, त्यामुळे मुलगा असो की मुलगी, पहिल्या आठवड्यात छाती फुगते, थेंबभर दूधही येतं. काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. दाबलं की आतल्या नाजूक ग्रंथी फाटतात, जंतू शिरतात आणि पू होतो. मुलगी असेल तर पुढे त्या बाजूची वाढच खुंटू शकते. हात लावायचा नाही. मुलींना पहिल्या आठवड्यात अंगावरून पांढरं किंवा दोन थेंब रक्त जातं, तेही याच कारणाने. हिरड्यांवर, टाळ्यावर पांढरे मोत्यासारखे दाणे दिसतात, ते "दात" म्हणून खरवडू नका.

वाफाळ
धुरीबद्दल एक-दोन गोष्टी. निखाऱ्यांवर ओवा, वेखंड, बाळंतशेपा, वावडिंग, लसणीची सालं, कडुनिंब आणि ऊद टाकतात. न्हाऊन आलेलं बाळ त्यावरून फिरवतात किंवा टोपलीखाली दुपटी ठेवून धुरी देतात. हेतू तीन: अंग शेकणं, डास पळवणं, पावसाळ्यात कपडे कोरडे करणं. तिन्ही हेतू खरे आणि रास्त आहेत.

पण धूर तो धूर. लाकडाचा असो की ओव्याचा, त्याचे बारीक कण तान्ह्याच्या अरुंद श्वासनलिकेत जातात आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्याहून मोठा धोका दिसत नाही आणि वासही येत नाही: दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत शेगडीच्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. खाटेखाली शेगडी ठेवून बाळ-बाळंतीण झोपणं तर नकोच नको.

हेतू असे साधा: शेक हवा असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी, दोघांवरून पांघरूण. कमी वजनाच्या बाळाला तर हाच उत्तम उपाय, रुग्णालयांतही "कांगारू" पद्धत म्हणून हेच करवतात. डासांना मच्छरदाणी. दमट दुपट्यांना इस्त्री, शिवणींवर जास्त. धुरीचा वास घरात हवाच असेल तर रिकाम्या खोलीत द्या, मग खिडक्या उघडून तासाभराने बाळ आत आणा.

एक वेगळी सूचना. माळ्यावरच्या ट्रंकेतली जुनी कुंची, अंगडी-टोपडी बाहेर काढतात, ती डांबरगोळ्यांत ठेवलेली असतात. जी-६-पी-डी हे विकर कमी असलेल्या बाळांत डांबरगोळीच्या नुसत्या वासाने, कपड्यातल्या अंशाने तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त. ते कपडे दोनदा धुवून तीन-चार दिवस कडक उन्हात टाका, वास पूर्ण गेल्याशिवाय घालू नका. कापराच्या पुरचुंड्याही पाळण्याला नकोत. ओव्याची कोरडी पुरचुंडी बाळापासून दूर टांगली तर हरकत नाही, तव्यावर गरम करून छातीवर ठेवली की चट्टा उठतो.

चांदणं
नाळ आणि पाचवी यांवर लिहिते. दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत.

पाचव्या रात्री, काही घरांत सहाव्या, सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते अशी श्रद्धा. पाटा-वरवंटा धुवून मांडायचा, हळद-कुंकू, फुलं वाहायची, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. कुठे कणकेचे दिवे करतात, खोलीच्या कोपऱ्यांत ठेवतात. बाळाच्या उशाशी विळा किंवा कोयता. त्या रात्री बायका जागतात, दिवा विझू देत नाहीत. सुईणीचा मान याच दिवशी देतात.

ही रात्र धोक्याची का मानली? नवजाताचा धनुर्वात साधारण जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात दिसतो, बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या शेवटी. चांगलं दूध पिणारं बाळ अचानक चोखेनासं होतं, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखं ताणतं. जंतूंचा रक्तदोषही याच दिवसांत. कारण काय, तर विळ्याने किंवा बांबूच्या धारेने नाळ कापायची आणि जखमेवर राख, शेण, हळद, तेल काहीतरी लावायचं. शेण-मातीतच धनुर्वाताचे बीजाणू राहतात. पाचवीला जागणाऱ्या बायकांनी ज्या भयाला तोंड दिलं ते कल्पनेतलं नव्हतं, एवढं मी ठामपणे म्हणेन. गरोदरपणातली लस, रुग्णालयातली बाळंतपणं आणि नव्या पात्याने कापलेली नाळ यांमुळे चित्र पालटलं. माता आणि नवजाताच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारताबाबत २०१५ मध्ये अधिकृतपणे मान्य झालं.

म्हणून नाळेला काहीही लावू नका. पावडर नाही, तूप नाही, नाणं बांधणं नाही. लंगोट नाळेच्या खाली दुमडा, म्हणजे शू लागत नाही आणि हवा लागते. पाच ते पंधरा दिवसांत गळते. ओढून काढायची नाही. भोवती लाली पसरली, घाण वास आला, पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाचवी जरूर करा. विळा उशाशी ठेवण्याऐवजी पाट्याजवळ पूजेत, दिवा मच्छरदाणी आणि दुपट्यांपासून दूर. बाळाला पूजेसाठी उठवायचं नाही. सर्दी-खोकला असलेल्यांनी आणि ओठावर ज्वराचे फोड आलेल्यांनी बाळाजवळ येऊ नये. त्या फोडांचा विषाणू तान्ह्याच्या मेंदूपर्यंत जातो. मुका कुणीच घेऊ नये, बाराव्या दिवशी बारशालासुद्धा. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करताना पाळण्याखालून-वरून वरवंटा फिरवतात तिथवर ठीक, बाळ हातोहात फिरवू नका. आणि घुगऱ्यांचा दाणा बाळाच्या ओठाला लावायचा नाही.

सोयर आणि सव्वा महिना घराबाहेर न पडणं ही मला जपण्यासारखी वाटणारी रीत. गर्दी टळते, आईला झोप मिळते. फक्त लसीकरण आणि तपासणी यांना सव्वा महिन्याची आडकाठी नको.

मिरजेची_तार
सटवाईचा हा संदर्भ फार मोलाचा. चांदणं ताई, धन्यवाद.

रानवाट
आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाशी संबंध आहे, म्हणून खेड्यांतलं आणि आदिवासी भागांतलं लिहितो.

मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापवलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. इतर भागांत बिब्ब्याचं तेल पोटावर टेकवतात. बिब्बा कातडी जाळतो, फोड येतात, तान्ह्याला तेवढा संसर्ग पुरतो. पोट फुगण्याचं कारण आत असतं: जंतुसंसर्ग, आतड्याला पीळ, कधी नुसती गिळलेली हवा. चटक्याने त्यातलं काहीच बरं होत नाही आणि दवाखान्यात पोचायचे तास वाया जातात. या लोकांना नुसती नावं ठेवून भागत नाही. रात्री दोनला पोट फुगलेलं बाळ घेऊन जायला गाडी नसेल तर भूमका, म्हणजे गावचा वैदूच जवळचा. दुधानंतर खांद्यावर घेऊन ढेकर काढणं, धोक्याच्या खुणा ओळखणं आणि गाडीची सोय, हे तिन्ही एकदम पोचवावं लागतं.

ते पोचवता येतं, याचा दाखला गडचिरोलीत आहे. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजाताची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुदोष ओळखून औषध देणं. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आशाताईंच्या घरभेटी याच कामावर उभ्या आहेत. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी असतात. पाचवीच्या आधी तिसऱ्या दिवसाची भेट आणि बारशाच्या आधी सातव्याची, असं घरात सांगितलं की त्या दिवसांना आजी दार उघडंच ठेवतात.

धोक्याच्या खुणा, भिंतीवर लावण्यासारख्या: दूध पिणं बंद किंवा अगदी कमी, अंग ढिलं, हाक मारली तरी हालचाल नाही, शांत असताना मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणं, झटके, अंग तापणं किंवा पोट-पाय दोन्ही गार लागणं, पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, कधीही तळहात-तळपाय पिवळे होणं. श्वास मोजताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावा. तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, त्यामुळे १५ सेकंद मोजून चौपट केलं की आकडा चुकतो.

कावीळ उतरवण्यासाठी गळ्यात माळ घालतात, हात चुन्याच्या निवळीत धुतात, पाणी पिवळं होतं. पाणी पिवळं झालं म्हणून रक्तातलं बिलिरुबिन कमी होत नाही. ते वाढत गेलं तर मेंदूत साठतं आणि ऐकू येणं, चालणं कायमचं जातं. निळ्या प्रकाशाखाली दोन दिवसांत टळणारी गोष्ट आहे ही.

चाफेकळी
काजळ, टाळू, उशी राहिलं. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून पाडलेली काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन. त्यात शिसं नसलं तरी बोट डोळ्यात जातं. अनेक बाळांची अश्रुनलिका जन्मतः पूर्ण उघडलेली नसते, काजळ तिथेच साचतं, डोळा चिकटतो. सुरम्यात तर शिशाचं संयुगच असतं. तीट लावायची तर कानामागे किंवा तळपायाला. कपाळावरची घामाने डोळ्यात उतरते.

टाळूवर तेलाचे दोन थेंब लावायला हरकत नाही, भरभरून थापू नका. तेल मेंदूत "मुरत" नाही. साचून राहिलं की खपल्या वाढतात. पुढची टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांत भरते, मागची दोन महिन्यांत, आणि ती तेलाने भरत नाही, हाडं जुळल्याने भरते. टाळू उडताना दिसणं स्वाभाविक. खोल गेली तर अंगातलं पाणी कमी झालंय, शांत बसलेल्या बाळाची फुगून टणक लागली तर तातडी.

राईची उशी नको. हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होते, शिवण उसवली तर दाणे नाका-तोंडात. झोपताना बाळ उताणं, सपाट घट्ट गादीवर. डोक्याची बाजू रोज बदला, जागेपणी देखरेखीखाली पालथं ठेवा. जन्मताना लांबलेलं डोकं काही आठवड्यांत गोल होतं. दुपट्यात गुंडाळताना हात आवळा, पाय नाही. पाय सरळ ताणून बांधले की खुब्याचा सांधा खोबणीतून सरकू शकतो. मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या राहिल्या पाहिजेत. मनगटाच्या काळ्या मण्यांत आणि कमरेच्या करगोट्यात आपलं एक बोट सहज जायला हवं, दर आठवड्याला बघा, बाळ भराभर वाढतं.

थेम्सकाठ
परदेशात बाळंतपणाला येणाऱ्या आई-सासूबाईंसाठी काही सांगू का? इथल्या टबात नडग्यांवर बाळ घेऊन बसू नये, गुळगुळीत तळाला तेल लागलं की बसलेलं माणूसही घसरतं. जमिनीवर रबरी चटई, त्यावर पाट, शेजारी बादली. नळाचं गरम पाणी एकदम ६० अंशांपर्यंत येतं, त्यामुळे गार आधी हा वरचा नियम इथे दुप्पट पाळा. घर तापवलेलं असतं, तरीही सवयीने कुंची, दोन झबली, लोकरी टोपी आणि वर दुपटं घालतात. आपल्या अंगावर असेल त्यापेक्षा एकच थर जास्त, आणि घरात झोपताना टोपी नाही. मानेला मागून घाम लागला की थर काढा.

कोवळ्या उन्हाचं काय करावं? इथे हिवाळ्यात ऊनच नसतं.

चाफेकळी
कोवळं ऊन भारतातही ड जीवनसत्त्वासाठी फारसं कामाचं नाही. त्यासाठी लागणारे किरण सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात, ते दहा ते तीनच्या उन्हात असतात, आणि त्या उन्हात तान्ह्याला उघडं ठेवता येत नाही. म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० एकक, पहिल्या दिवसांपासून वर्षभर. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये ४०० लिहिलंय की ८०० की थेंबाला ४००, हे वाचून मगच ड्रॉपर भरा, दोन कंपन्यांच्या बाटल्या सारख्या दिसतात. थेंब आईच्या दुधाच्या आधी गालाच्या आतल्या बाजूला सोडायचे, जिभेच्या मागे नाही, नाहीतर ठसका लागतो.